'ओपन द लाईट' का चुकतं? एका शब्दाची गोष्ट



आज फक्त एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहिते आहे. शब्द आहे 'ओपन'. पहिली-दुसरीतच येतो, भिंतीवरच्या तक्त्यावर असतो, 'ओपन म्हणजे उघडणे' असं मुलं सुरात म्हणतात आणि आपण पुढच्या शब्दाकडे वळतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. हा शब्द नीट बघायला मला एका चिनी मुलाने लावलं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

माझी ताई सिंगापूरला असते. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी तीन आठवडे तिच्याकडे होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये चीनमधून नुकतंच आलेलं कुटुंब राहायचं. नऊ वर्षांचा मुलगा, तिथल्या एका शाळेत नवीनच घातलेला. एका संध्याकाळी त्याची आई त्याची वही घेऊन ताईकडे आली. ताई मला म्हणाली, "अगं, तू शाळेत बाई आहेस ना? बघ जरा."

वहीत प्रश्न होता, 'ओपन द...' याच्या पुढे येतील अशा पाच वस्तू लिहा. मुलाने लिहिलं होतं: दार, पुस्तक, दिवा, टीव्ही, गाडी. सगळं इंग्रजीत, स्पेलिंग बरोबर, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं. पहिल्या दोन शब्दांना बरोबरची खूण, पुढच्या तिन्हींवर लाल फुली. बाजूला एक शब्दही लिहिलेला नाही. आई अर्धं मोडक्या इंग्रजीत आणि अर्धं मोबाईलच्या भाषांतरातून सांगत होती की शब्दकोशात 'ओपन'चा जो अर्थ दिलाय तोच शब्द आम्ही दिव्याला वापरतो, टीव्हीला वापरतो, गाडीलाही वापरतो. मग चूक कुठे? आणि तिची खरी काळजी याच्या पुढची होती. दोन-तीन महिन्यांत अशा बऱ्याच फुल्या झाल्या होत्या आणि मुलगा वर्गात इंग्रजी बोलायचाच थांबला होता. विचारलं तर मान हलवायचा, बस.

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'इंग्रजीत तसं म्हणत नाहीत' एवढंच मला म्हणता आलं. हे वाक्य आपण सगळेच वर्गात वापरतो. त्याने मुलाला काहीही कळत नाही.

दारातला अडसर

दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारलं, तुमचा तो शब्द मला सांग. शब्दाचा उच्चार साधारण 'खाय' असा आहे. (हो, आपल्या 'खाय'सारखाच. ताईच्या घरी त्यावरून बराच हशा झाला.) तिने कागदावर तो जुन्या पद्धतीने लिहून दाखवला. चिनी अक्षर म्हणजे पुष्कळदा चित्रच असतं. इथे दोन फळ्यांचा मोठा दरवाजा आहे, त्याच्या आत आडवा अडसर आहे आणि तो काढणारे दोन हात आहेत. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून असंच लिहितात. चीनमध्ये 1956 साली लिपी सोपी करण्याची योजना आली, त्यात या अक्षरातला दरवाजा गेला आणि नुसता अडसर आणि हात उरले.

हे चित्र बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडसर काढला की दार उघडतं हे तर झालंच. पण अडसर काढला की जे अडलेलं असतं ते सुरूही होतं! मग बघा, 'खाय मन' म्हणजे दार उघडणे (त्यांच्याकडे 'मन' म्हणजे दार). 'खाय तंग' म्हणजे दिवा लावणे. 'खाय छ' म्हणजे गाडी चालवणे. 'खाय ह्वेय' म्हणजे सभा घेणे. शाळेचं सत्र सुरू होतं ते 'खाय श्वे'. फूल उमलतं तिथेही खाय. पाणी उकळलं की तेही 'खाय', आणि उकळलेल्या पाण्याला नावच 'खाय श्वेय'. चीनमध्ये रेल्वेच्या डब्यातसुद्धा या गरम पाण्याची सोय असते, लोक त्यात चहा किंवा नूडल्स करून घेतात. डॉक्टर औषध लिहून देतात ते औषध 'उघडणं', आणि शस्त्रक्रिया करणं म्हणजे सुरी 'उघडणं'. मला सगळ्यात आवडला तो 'खाय शिन'. शिन म्हणजे हृदय. हृदय उघडलं, म्हणजे माणूस खूश झाला. आपल्याकडे चेहरा खुलतो किंवा कळी खुलते, त्याच घरातला हा शब्द.

एवढा पसरलेला शब्द, आणि मुलाच्या शब्दांच्या वहीत एकच ओळ: ओपन बरोबर खाय. त्याने बिचाऱ्याने ती ओळ प्रामाणिकपणे वापरली. चीनमध्ये 2001 पासून टप्प्याटप्प्याने तिसरीपासून इंग्रजी आलं, म्हणजे ही ओळ लिहिणारी लेकरं किती असतील त्याचा विचार करा.

गंमत अशी की यातली काही वाक्यं इंग्रजीत चूक दिसतच नाहीत. 'ओपन द कार' हे वाक्य बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ गाडीचं दार उघड असा होतो, गाडी चालव असा नाही. 'ओपन वॉटर' हा शब्दही इंग्रजीत आहे, पण तो किनाऱ्यापासून दूरच्या मोकळ्या पाण्याला वापरतात. पाहुण्याला कपात घालून द्यायचं पाणी ते नव्हे. अशा वेळी फुली मिळालेल्या मुलाला आपलं काय चुकलं हे स्वतःहून कळणं शक्यच नाही.

त्यात सिंगापूरची आणखी एक भानगड. तिथे रस्त्यावर, दुकानात, लिफ्टमध्ये 'ओपन द लाईट' सर्रास ऐकू येतं. तिथल्या बोलीभाषेतल्या इंग्रजीवर चिनी भाषांचा आणि मलायचा प्रभाव आहे, आणि मलायमध्येसुद्धा बोलताना दिवा 'उघडतात'. शाळेतलं इंग्रजी मात्र प्रमाण इंग्रजी. सरकारने 2000 साली चांगलं इंग्रजी बोला म्हणून मोहीमही सुरू केली. म्हणजे मुलगा खाली दुकानात जे ऐकतो त्यालाच वर्गात फुली. आपल्या खेड्यातल्या पोरांना 'पानी' आणि 'लोनी' म्हटल्यावर जे होतं, तेच.

'ओपन' कुठे थांबतो

भाषेचे अभ्यासक 'ओपन'चं नातं 'अप' म्हणजे वर या शब्दाशी जोडतात. झाकण वर उचललं आणि आतलं दिसलं, ही मूळ कल्पना. (आपलं 'उघडणे' संस्कृतातल्या 'उद्घाटन'च्या कुळातलं आहे, आणि त्यातला 'उद्' म्हणजेही वर.) तर मी त्या मुलासाठी एक भेद केला. चिनी शब्दाच्या मुळाशी अडसर आहे, इंग्रजी शब्दाच्या मुळाशी झाकण आहे. हा भेद शिकवण्यापुरता आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका. पण वर्गात तो फार कामाला येतो.

एखाद्या वस्तूला 'ओपन' चालेल का हे बघायचं असेल तर विचारा: तिला झाकण आहे का? ती मिटलेली आहे का? उघडल्यावर तिच्या आत जाता येतं, हात घालता येतो किंवा आतलं दिसतं का? दार, खिडकी, डबा, दप्तर, पाकीट, पुस्तक, डोळे, तोंड, छत्री या सगळ्यांना 'ओपन' चालतं. दिव्याला झाकण नाही. आपण त्याच्या आत काही बघत नाही, फक्त वीज सोडतो.

वीज, पाणी, गॅस असं काही सोडायचं असेल तर इंग्रजी 'टर्न ऑन' म्हणतं. टर्न म्हणजे फिरवणे. पूर्वी नळाची तोटी फिरवायची, गॅसच्या दिव्याची कळ फिरवायची, आणि विजेची सुरुवातीची बरीच बटणंही फिरवायचीच होती. आता आपण बटण दाबतो, पण शब्द फिरवण्याचाच राहिला. 'स्विच ऑन'सुद्धा चालतं, पण ते विजेच्या वस्तूंनाच. नळाला 'स्विच ऑन' म्हणू नये. गाडीसाठी स्टार्ट आणि ड्राईव्ह असे दोन वेगळे शब्द आहेत. सभेसाठी 'होल्ड' किंवा साधं 'हॅव'. उकळलेलं पाणी ते बॉइल्ड वॉटर.

आणि मुलाला हेही सांगायला हवं की त्याचा शब्द सगळीकडे फसत नाही. दुकान उघडणं, बँकेत खातं उघडणं, फुलाचं उमलणं, या ठिकाणी 'खाय' आणि 'ओपन' हातात हात घालून चालतात. 'ओपन सीक्रेट' हा शब्दप्रयोग तर आपल्याकडे 'उघड गुपित' म्हणून आहे आणि चिनीतही 'उघड'साठी जो शब्द येतो त्यात 'खाय' बसलेला आहे. जुळतं कुठे हे आधी सांगितलं की मूल सैल होतं. मग न जुळणारं ऐकून घेतं.

इथे शिक्षकांसाठी एक सूचना, जी मला स्वतःलाही लागू आहे. वर्गात आपण 'ओपन पेज नंबर ट्वेंटी' म्हणतो, कारण मराठीत 'पान नंबर 20 काढा' असं म्हणतो. इंग्रजीत पान उघडत नाहीत, पुस्तक उघडतात: 'ओपन युवर बुक्स ॲट पेज ट्वेंटी'. मुलं आपलंच ऐकून शिकतात.

आता आपल्या घरात डोकावू

तुम्ही म्हणाल, चिनी मुलांचं कौतुक झालं, आपलं काय? आपली मुलं 'ओपन द लाईट' सहसा म्हणत नाहीत. पण 'क्लोज द लाईट' म्हणतात! 'क्लोज द फॅन', 'क्लोज द टॅप', 'क्लोज द टीव्ही'. कारण मराठीत दार बंद करतो, दिवा बंद करतो, नळ बंद करतो, बडबडही बंद करतो. चिनीत 'बंद करणे'साठी 'क्वान' असा शब्द आहे, तो दाराला चालतो, दिव्यालाही चालतो. म्हणजे अर्धी चूक दोन्हीकडची सारखीच. उरलेली अर्धी आपली मुलं वेगळी करतात. मराठीत टीव्ही 'सुरू' करतात म्हणून ती 'स्टार्ट द टीव्ही' म्हणतात, किंवा थेट 'ऑन द लाईट'.

सिंगापूरहून आल्यावर मला माझी चौथीतली एक मुलगी आठवली. ती एकदा उठून म्हणाली होती, "टीचर, आय क्लोज द फॅन?" मी हसले. माझं बघून वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलली नाही, आणि मला वाटत राहिलं की तिला इंग्रजीची आवडच नाही. त्या वहीतल्या फुल्यांवर मी मनातल्या मनात जो राग काढला होता, तो मग कुणावर काढायचा होता?

परत त्या आईकडे येते. तिने मला विचारलं, तुमच्या भाषेत दिव्याला काय म्हणता? मी म्हटलं, दिवा 'लावतो'. आणि दार? दारही 'लावतो'. मग दोन्ही एकच? नाही हो, दिवा लावला की उजेड होतो आणि दार लावलं की ते बंद होतं. तिने मोबाईलवर दोनदा तपासलं. मग मी सांगत सुटले. आम्ही फोन लावतो, झाड लावतो, कुकर लावतो, रांग लावतो, शिस्त लावतो, मुलाला शाळेतून यायला उशीर झाला की जीवाला घोर लावतो. (शेवटचं भाषांतर मोबाईलला जमलं नाही.) त्या आठवड्यात ती पहिल्यांदा मनमोकळं हसली. मुलगाही दाराआडून ऐकत होता.

चिकटवलेले कागद

पुढचे चार-पाच दिवस आम्ही एक खेळ केला. दोन रंगांचे चिकटवायचे छोटे कागद घेतले. झाकणवाल्या वस्तूंना पिवळा, वीज-पाणी-गॅसवाल्या वस्तूंना निळा. मुलगा घरभर फिरून चिकटवत गेला आणि प्रत्येक कागद लावताना पूर्ण वाक्य म्हणायचं, एवढीच अट. कपाट पिवळं, पंखा निळा, नळ निळा, खिडकी पिवळी. वॉशिंग मशीनपाशी अडला. मग स्वतःच दोन्ही चिकटवले: 'ओपन द लिड', 'टर्न ऑन द मशीन'. लॅपटॉपलाही दोन. झाकण उचललं तर 'ओपन', बटण दाबलं तर 'टर्न ऑन'.

मोबाईलने मात्र आम्हाला दमवलं. ॲप 'ओपन' करायचं, फाईल 'ओपन' करायची, फोटो 'ओपन' करायचा. पण टॉर्च 'टर्न ऑन', वायफाय 'टर्न ऑन'. सगळं एकाच काचेवर बोटाने होतं, तरी शब्द दोन! मी त्याला सांगितलं, ॲप उघडल्यावर तू आत जातोस, वायफायच्या आत जात नाहीस. पटलं. आपल्या मुलांना मोबाईल हातात मिळतोच, तर निदान हा सराव त्यावर करून घ्या.

मोठ्या मुलांना शिकवत असाल तर एक मजेदार गोष्ट सांगा. विज्ञानात 'ओपन सर्किट' म्हणजे कुठेतरी तुटलेला विद्युत परिपथ, ज्यातून वीज वाहत नाही. 'क्लोज्ड सर्किट' असेल तरच दिवा लागतो. म्हणजे विजेच्या भाषेत बोलायचं तर स्विच 'ओपन' केल्यावर दिवा विझतो. सातवीच्या मुलांना हे सांगून बघा, पुढे विसरत नाहीत.

व्याकरणाचा एक मुद्दा राहिला, आणि त्यात मराठी मुलं चिनी मुलांच्या पुढे आहेत. दुकान चालू आहे हे सांगायला इंग्रजीत 'द शॉप इज ओपन' म्हणतात, 'ओपन्ड' नाही. उलट, बंद असेल तर 'क्लोज्ड' म्हणायचं, 'क्लोज' नाही. ही जोडी विचित्रच आहे, एकीकडे साधा शब्द आणि दुसरीकडे शेवटी 'ड'. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही, तोच 'खाय' राहतो आणि मागे छोटा प्रत्यय लागतो, म्हणून त्या मुलांची इथे गडबड होते. आपल्याकडे मात्र दोन वेगळी रूपं तयार आहेत. 'दार उघडं आहे' म्हणजे 'ओपन', आणि 'तिने दार उघडलं' म्हणजे 'ओपन्ड'. 'उघडं' आलं की 'ओपन', 'उघडलं' आलं की 'ओपन्ड'. मराठीचा हा आधार फुकट मिळतो, पण मी तो कधी वापरलाच नव्हता.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी वर्गातला 'ओपन म्हणजे उघडणे' हा तक्ता काढला. त्या जागी आता जोड्या लिहिलेल्या आहेत. एकटा शब्द नाही, वस्तूसकट. 'ओपन द डोअर' – दार उघड. 'क्लोज द डोअर' – दार लाव. 'टर्न ऑन द लाईट' – दिवा लाव. 'टर्न ऑफ द फॅन' – पंखा बंद कर. 'लाव' दोनदा आलं की मुलं खुदकन हसतात, आणि त्यातच त्यांच्या लक्षात राहतं. शब्दांच्या वहीतही मी आता एका शब्दासमोर एक शब्द लिहू देत नाही, निदान तीन वस्तू तरी हव्यात. पालकांनीही घरी अभ्यास घेताना एवढं केलं तरी पुरे. आणि मूल चुकलं तर आधी विचारा, हे मराठीत कसं म्हणशील? नव्वद टक्के वेळा चूक कुठून आली ते त्या उत्तरात दिसतं.

सिंगापूरचा मुलगा आता ताईला लिफ्टमध्ये भेटला की इंग्रजीत बोलतो, असं ती सांगते. मध्यंतरी त्याने तिला विचारलं होतं, तुमच्याकडे अजून दार 'लावतात' का.

आणि माझ्या वर्गात गेल्या आठवड्यात एकाने वहीत लिहिलं, 'द वायरमन ओपन्ड द फॅन'. माझा लाल पेन सवयीने खाली आलाच होता. मग विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "बाई, वायरमन आला होता, त्याने पंखा खाली घेतला, स्क्रू काढले, आत सगळा कचरा." मी फक्त 'अप' जोडून दिला, 'ओपन्ड अप द फॅन', आणि बरोबरची खूण केली.